मंडळीचे हात आणि शेजाऱ्याचे घर : वाचकांचे प्रश्न

गरजू कुटुंबांना घरातले सामान मिळवून देणे आणि त्यांच्या घराची डागडुजी करून देणे या कामाविषयी मागील अंकात आम्ही मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांकडून पत्रे मागवली होती. त्यांतील सहा पत्रे येथे संक्षिप्त करून दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळून केवळ गावाचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीतील अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेली. जाताना त्यांनी पलंग, कपाटे आणि सोफे चर्चच्या आवारातील जुन्या खोलीत आणून ठेवले व हे गरिबांना द्या असे सांगितले. खोली काठोकाठ भरली आहे, पण सामान फारसे कोणी नेत नाही. तरुण संघातील मुलांचा उत्साह ओसरत चालला आहे. आमचे कोठे चुकते आहे?
(तरुण संघाचे एक कार्यकर्ते, जालना)

उत्तर : आपल्या मुलांच्या तळमळीत काही उणे नाही; कामाचा क्रम तेवढा उलटा झाला आहे. देणाऱ्याला जे नको होते ते खोलीत येऊन पडले, आणि घेणाऱ्याला काय हवे आहे हे अद्याप कोणी जाऊन विचारलेलेच नाही. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह जी संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी सुरू केली, तिचा पाया गरजूंच्या घरी जाऊन भेटणे हाच होता, आणि १८६३ पासून भारतात काम करणाऱ्या या संस्थेने ती रीत आजवर सोडलेली नाही. घरी गेल्याशिवाय घराची गरज कळत नाही, हे त्या तरुणांनी पहिल्या वर्षीच ओळखले होते.

म्हणून काही आठवडे खोलीला कुलूप लावावे आणि दोघादोघांनी घरोघरी जावे. सोबत मोजपट्टी असावी. घरात माणसे किती, रात्री कोण कोठे झोपते, दाराची रुंदी किती, जमीन मातीची की फरशीची, पाणी कशात भरून ठेवतात, हे सहज बोलता बोलता समजून घ्यावे. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत जेथे सहा माणसे राहतात, तेथे दिवसा अंथरुणे गुंडाळून भिंतीशी ठेवल्याशिवाय स्वयंपाकाला जागा होत नाही. अशा घरात डबल बेड म्हणजे अडचण होते. तेथे उभी करून ठेवता येणारी बाज किंवा घडीचा लोखंडी पलंग उपयोगी पडतो. सोफ्याला तर बहुतेक घरांत जागाच नसते, आणि तीन पल्ल्यांचे लोखंडी कपाट पुष्कळदा दारातूनच आत जात नाही. याउलट झाकणाचा दोनशे लिटरचा ड्रम, भांड्यांची मांडणी, उंदरांपासून धान्य आणि कपडे सांभाळणारी पत्र्याची पेटी, मुलांना अभ्यासाला एक मेज आणि एक चांगला दिवा या गोष्टींची मागणी आपल्याला घरोघर ऐकू येईल. ज्या गावात नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ड्रमसारखी देणगी नाही. गुडघे धरलेल्या वृद्धांची गरज आणखी वेगळी असते. त्यांना सैल पडलेल्या बाजेवरून उठता येत नाही. त्यांना साधारण गुडघ्याच्या उंचीचा, टणक बैठकीचा पलंग लागतो, आणि शौचासाठी मध्ये भोक असलेली खुर्ची मिळाली तर घरातल्या सुनेचेही निम्मे ओझे उतरते.

ही मागणी एका वहीत लिहून ठेवावी आणि रविवारच्या उपासनेनंतर नावे न घेता वाचून दाखवावी : एक पलंग हवा आहे, दोन ड्रम हवे आहेत, एक शिलाई यंत्र हवे आहे. मग देणाऱ्यालाही आपण काय द्यावे हे कळते. शुनेम गावच्या स्त्रीने अलीशा या संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधली तेव्हा तिने पलंग, मेज, खुर्ची आणि समई ठेवली, असे बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. वाटेने येणाऱ्या त्या माणसाला विसाव्याला, जेवायला-लिहायला आणि अंधार पडल्यावर काय लागेल याचा तिने किती नेमका विचार केला होता, हे त्या चार वस्तूंच्या यादीतून दिसते.

आता जे सामान आधीच गोळा झाले आहे त्याविषयी. प्रत्येक वस्तू उन्हात बाहेर काढून पाहावी. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. असे लाकूड दुसऱ्याच्या घरी पाठवू नये. जुनी गादी तशीच देऊ नये. कापूस पिंजून घ्यावा, नवे अस्तर शिवावे, आणि ढेकणांची शंका जरी आली तरी ती गादी नाकारावी. पलंगाचे नटबोल्ट आवळावेत, गंज घासून काढावा, एक हात रंग द्यावा. जे दुरुस्त होण्यासारखे नाही ते भंगारात विकून त्याचे पैसे कामाच्या खात्यात पावतीसह जमा करावेत. आणि यापुढे मोडके सामान आणणाऱ्याला गोड शब्दांत पण स्पष्ट नकार द्यावा, मग तो मंडळीतील कितीही मान्यवर असो. गरिबाला काहीही चालते, ही समजूत चर्चच्या दारात तरी थांबली पाहिजे.

प्रश्न : आमच्या मंडळीतील एक आजी वर्षातील निम्मा काळ एकट्या असतात. मुलगा आणि सून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. घर अर्धे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, आणि अर्धे पत्र्याचे आहे. गेल्या वळवाच्या वादळात दोन पत्रे उडाले, धाबे गळते, आणि एका भिंतीला मोठी चीर गेली आहे. आम्ही आठ-दहा तरुण रंगकामापासून सुरुवात करणार आहोत. आमच्यात एक जण सेंट्रिंगचे आणि एक वायरिंगचे काम करतो. आम्ही स्वतः काय करावे आणि मिस्त्रीकडे काय सोपवावे?
(तरुणांचा एक गट, केज, जि. बीड)

उत्तर : रंग सर्वांत शेवटी. रंगाने घर लगेच उजळते, म्हणून स्वयंसेवकांना ते काम आवडते हे आम्ही जाणतो. परंतु ओल्या भिंतीवर दिलेला रंग एका पावसाळ्यात पोपडे धरतो आणि आजींचे अंथरूण भिजायचे ते भिजतेच. आधी वरून येणारे पाणी, मग जोत्याशी मुरणारे पाणी, त्यानंतर वीज, मग मोरी आणि शौचालयापर्यंतची वाट, आणि हे सारे झाल्यावर पैसे व हात शिल्लक असतील तर रंग, असा क्रम धरावा.

पत्र्यांपासून सुरुवात करू. आपल्याकडे पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची पद्धत आहे. मोठ्या वादळात तेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर येतात, त्यामुळे ते प्रथम उतरवावेत. पत्रा जे-हुकने खालच्या अँगलला किंवा पाइपला धरून ठेवावा. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात पाडू नये, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. हुकाच्या नटाखाली पत्र्याला लागून डांबरी वायसर आणि त्यावर लोखंडी वायसर असावा. दोन पत्र्यांचा जोड किमान दीड पन्हळीचा घ्यावा आणि वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून त्या बाजूला जोडाचे तोंड येणार नाही असे पत्रे बसवावेत. एवढे करूनही पुष्कळांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट उरते. खालचे पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले असतील, तर वादळ पत्र्यांसह अख्खा सांगाडा उचलून नेते. म्हणून पाइप भिंतीत काँक्रीटने गाडून किंवा लोखंडी पट्टीने बांधून घ्यावेत, आणि हे काम मिस्त्रीच्या देखरेखीखाली व्हावे. चढणाऱ्याने पत्र्यावर थेट पाय देऊ नये. खालच्या आधारांवर फळी आडवी टाकून तिच्यावरूनच चालावे. पत्रा सिमेंटचा असेल तर त्याला करवत लावू नये आणि कोरडे भोकही पाडू नये, कारण जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

धाब्याचे काम याहून जोखमीचे आहे, आणि येथे आम्हाला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. गळणाऱ्या धाब्यावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, ही आपल्या भागातील जुनी वहिवाट. एकेक थर साचत जाऊन छपराचे वजन वाढत जाते आणि खालच्या तुळयांना व भिंतींना ते पेलावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जी हजारो माणसे झोपेत गाडली गेली, ती बहुतांशी अशाच मातीच्या जड छपराखाली आणि मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंतींखाली. त्या भिंतींत आतला आणि बाहेरचा असे दोन थर असत, मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली असे, आणि दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड नसत. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले. भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, तर इतर शेकडो गावांत जुनी घरे दुरुस्त करून वापरात राहिली. त्यामुळे हा प्रश्न इतिहासात जमा झालेला नाही, तो आजींच्या डोक्यावर आहे. आपण धाब्यावर आणखी माती टाकू नये. उलट, थर कमी करता येईल का हे जाणत्या मिस्त्रीला विचारावे, आणि त्याआधी खालून टेकू दिल्याशिवाय वरची एक पाटीही हलवू नये.

तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे वाळवी आधी पोहोचते. त्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो लोण्यात शिरल्यासारखा आत गेला, तर काम तेथेच थांबवावे, आजींची झोपायची जागा त्याच दिवशी पत्र्याच्या खोलीत हलवावी आणि अभियंत्याला बोलवावे. तुळई टणक असेल तर धाब्याला पन्हाळ्याकडे नीट उतार देणे, तुंबलेले पन्हाळे मोकळे करणे आणि त्याचे तोंड भिंतीपासून लांब काढणे ही कामे आपण मिस्त्रीसोबत करू शकाल.

भिंतीच्या चिरेविषयी घाई करू नये. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे काही चिरा ऋतूप्रमाणे रुंद आणि अरुंद होत राहतात. त्यांत नुसते सिमेंट भरले तर शेजारी दुसरी चीर पडते. चिरेवर प्लॅस्टरचा लहानसा तुकडा आडवा लावून त्यावर तारीख लिहावी आणि तो तडकतो का हे पाहत राहावे. तडकला तर चीर वाढते आहे, आणि मग तो प्रश्न अभियंत्याचा. दरम्यान मोरीचे आणि छपराचे पाणी जोत्यापाशी मुरू न देता चारी खणून दूर काढले, तर निम्मा आजार तेथेच बरा होतो. चारी खणायला केवळ कुदळ, फावडे आणि पाठीचा कणा लागतो, आणि तुम्हा तरुणांसाठी हेच सर्वांत योग्य काम आहे.

विजेचे काम आपल्या गटातील मित्राकडे वायरमनचा परवाना असेल तरच त्याने करावे. पत्र्याच्या घरात वायरचे आवरण सोलले गेले की अख्खी भिंत विजेने भारली जाते, आणि ओल्या हाताने दार उघडणारा माणूस दगावतो. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच, या दोन गोष्टींवर होणारा खर्च रंगाच्या खर्चाआधी बाजूला काढावा.

राहिला वेळेचा प्रश्न. उडालेले दोन पत्रे आजच बसवावेत. बाकी मोठे काम मात्र मुलगा आणि सून पाडव्याला परतेपर्यंत थांबवावे आणि मृग लागण्यापूर्वी पुरे करावे. ते घर त्यांचेही आहे. सहा महिने फडावर घाम गाळून परतलेल्या माणसाला आपल्याच घराचे रूप परक्यांनी बदललेले दिसावे, हे बरे नव्हे. त्याला कामात सामील करून घ्यावे, आणि कोणती खोली आधी, दार कोणत्या बाजूला, चूल कोठे, हे आजींनी आणि त्याने ठरवावे. मार्काच्या शुभवर्तमानात चौघांनी पक्षाघाती मित्राला येशूपुढे खाली सोडण्यासाठी दुसऱ्याच्या घराचे छप्पर उघडले. ते पुन्हा कोणी शाकारले हे तेथे सांगितलेले नाही. त्या चौघांनीच संध्याकाळी वर चढून ते नीट केले असावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या वस्तीतील एका विधवा भगिनीचे घर फार मोडकळीस आले आहे. मंडळी ते दुरुस्त करून देण्यास तयार आहे, परंतु घर सुधारले तर घरकुल मिळणार नाही अशी भीती तिला काहींनी घातली आहे. हे खरे आहे का?
(महिला मंडळाच्या एक सभासद, निलंगा, जि. लातूर)

उत्तर : भीती निराधार नाही, त्यामुळे आधी चौकशी आणि मग दुरुस्ती हा मार्ग धरावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थी निवडताना प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा आधार घेण्यात आला, आणि बेघर कुटुंबे किंवा कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या जास्तीत जास्त दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे पात्र ठरवण्यात आली. त्यात सुटलेल्यांसाठी पुढे आवास प्लसची यादी झाली. म्हणजे भिंती आणि छप्पर कशाचे आहे यावर बरेच अवलंबून असते. भगिनीचे नाव कोणत्या यादीत आहे आणि तिचा क्रम कितवा, हे ग्रामसेवकाकडून लेखी घ्यावे. नाव असेल तर तूर्त ताडपत्री, सुटे पत्रे, दारे-खिडक्या अशी मदत करावी, जी पुढे काढून नव्या घरात वापरता येईल. पलंग, मांडणी, ड्रम अशा सामानाने पात्रतेला बाध येत नाही.

नाव यादीत असेल तर मंडळीच्या मदतीची खरी गरज पुढेच आहे. सपाट भागात या योजनेत १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे बांधावे लागते, आणि पैसे टप्प्याटप्प्याने, काम पुढे सरकल्यावर येतात. हाती शिल्लक नसलेल्या विधवेचे घर जोत्यावरच अडकून पडते ते याच कारणाने. रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतच्या मजुरीची आणि शौचालयासाठी १२ हजार रुपयांची जोड या घराला मिळू शकते. त्यासाठीची कागदपत्रे तिच्यासोबत बसून भरून द्यावीत. विटा वाहणे, वाळू चाळणे, प्लॅस्टरवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे ही श्रमाची कामे आपल्या तरुणांनी उचलली तर दोन हप्त्यांमधली तिची ओढाताण पुष्कळ कमी होईल. घर पाडून पुन्हा उभे राहीपर्यंत ती मुलांसह कोठे राहणार, हाही विचार आधीच करून ठेवावा.

एक गोष्ट ख्रिस्ती कुटुंबांनी ध्यानात ठेवावी. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, त्यामुळे ख्रिस्ती म्हणून नोंद असलेल्या कुटुंबाला ती वाट बंद असते. आमच्या मते हा त्या कुटुंबांवरचा जुना अन्याय आहे. परंतु तो दूर होईपर्यंत अर्ज सर्वसाधारण योजनेतूनच करावा आणि धर्माची नोंद लपवून काही मिळवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

प्रश्न : गतवर्षी एका गटाने मला पलंग आणि शिलाई यंत्र दिले. त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु देताना मागे बॅनर धरून माझा आणि मुलीचा फोटो काढला, आणि तो गावातील व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही. मी असे लिहिणे म्हणजे कृतघ्नपणा आहे का?
(एक भगिनी, नांदेड जिल्हा)

उत्तर : मुळीच नाही. ताई, आपण लिहिलेत याबद्दल आम्हीच आपले ऋणी आहोत, कारण ही गोष्ट देणाऱ्यांपैकी कोणी लिहून कळवणार नव्हते. आपला आणि मुलीचा फोटो काढून टाका असे त्या गटाला सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आपल्याला ते अवघड वाटत असेल तर आपल्या ओळखीच्या पाळकांमार्फत किंवा शिक्षिकेमार्फत सांगावे. शिलाई यंत्र घेतले म्हणून आपला चेहरा कोणाच्या मालकीचा झालेला नाही.

मंडळ्यांना आमची आग्रहाची विनंती आहे की, माणसांचे फोटो काढूच नयेत. हिशेबासाठी पुरावा लागत असेल तर बसवलेल्या पत्र्याचा, दुरुस्त केलेल्या दाराचा, खरेदीच्या पावतीचा फोटो पुरेसा आहे. देणगीदार चेहऱ्याचा हट्ट धरीत असेल तर दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील वचन त्याला वाचून दाखवावे. सामान पोहोचवतानाही चार जणांची वरात नेऊ नये. संध्याकाळी, सामान हलवायला लागतील तेवढ्याच माणसांनी, शेजारी सामान पोहोचवायला येतात तसे जावे.

प्रश्न : आम्ही बहुतेक मदत ख्रिस्ती नसलेल्या कुटुंबांना करतो, कारण गरज तेथे अधिक आहे. परंतु हे धर्मांतरासाठी चालले आहे, असे काही जण बोलू लागले आहेत. आमच्यातील काहींना वाटते की काम थांबवावे.
(एक पाळक, हिंगोली जिल्हा)

उत्तर : पाळकसाहेब, काम थांबवू नये. परंतु शंका घेणाऱ्या प्रत्येकाला द्वेष्टा समजण्याचीही चूक करू नये. मदतीच्या मोबदल्यात काही मागितले जाईल, ही भीती गरिबाच्या अनुभवातून येते. सावकाराने, पुढाऱ्याने आणि कंत्राटदाराने त्याला आजवर तेच शिकवले आहे. त्या भीतीचे उत्तर वागण्यातूनच द्यावे लागते. पलंगासोबत पत्रिका देऊ नये. सामान उतरवल्यावर घरच्यांनी विनंती केल्याशिवाय तेथे प्रार्थना घेऊ नये. ती आपण निघण्यापूर्वी आपल्या चर्चमध्ये करावी. दुरुस्त केलेल्या घरातील माणसांना रविवारच्या उपासनेचे आमंत्रण त्या काळात देऊ नये, कारण उपकाराखाली असलेल्याला नाही म्हणता येत नाही. आपल्या विश्वासाविषयी कोणी आपण होऊन विचारले तर मोकळेपणाने सांगावे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

याकोबाच्या पत्रात उघड्या आणि उपाशी माणसाला नुसते ऊब घ्या, तृप्त व्हा असे म्हणून वाटेला लावणाऱ्याची कानउघाडणी केली आहे, आणि तेथे त्या उघड्या माणसाने आधी काय मानले पाहिजे याची अट घातलेली नाही. शिवाय गावाला सोबत घ्यावे. सरपंचांना, आशाताईंना, शाळेच्या मुख्याध्यापकांना मागणीची वही दाखवावी आणि घरांची निवड त्यांच्यासह करावी. कामावर गावातील इतर तरुणांनाही बोलवावे. भजनी मंडळातील मुलगा आणि आपल्या तरुण संघातील मुलगा एकाच शिडीचे दोन पाय धरून उभे राहिले, की अर्धी कुजबुज आपोआप थांबते. मराठवाड्यात ख्रिस्ती माणसे काल आलेली नाहीत. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली त्यालाही शतकाहून अधिक काळ लोटला. इतक्या पिढ्यांच्या शेजाराचा आधार घेऊनच हे काम करावे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे. तेथील चर्चचे लोक जुने फर्निचर गोळा करून गरजूंना देतात आणि सुट्टीत इतरांची घरे दुरुस्त करतात, असे तो सांगतो. ते हे काम कसे चालवतात? आणि तेथील मंडळीने आमच्या कामासाठी पैसे पाठवले तर घ्यावेत का?
(एक निवृत्त शिक्षक, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : गुरुजी, तेथे या कामाची घडी बरीच वर्षे बसलेली आहे. १९६९ मध्ये ॲपलाचियाच्या डोंगराळ, गरीब भागात एका मेथडिस्ट पाळकाने सुरू केलेल्या सेवाप्रकल्पात तरुण स्वयंसेवक उन्हाळ्यात येऊन घरे दुरुस्त करतात, आणि घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित व अधिक कोरडे करणे एवढेच उद्दिष्ट ते समोर ठेवतात. सजावट त्यात येत नाही. १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने स्थापन केलेली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था नव्या घराच्या बांधकामात घर मिळणाऱ्या कुटुंबालाही श्रम करायला लावते. १९८४ पासून माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः हातोडा घेऊन तिच्या कामावर जात असत. वापरलेले सामान आणि बांधकामाचे उरलेले साहित्य विकून घरबांधणीला पैसा उभा करणारे तिचे पहिले दुकान १९९१ मध्ये कॅनडातील विनिपेगला निघाले. फर्निचरच्या पेढ्याही तेथे असतात : चर्च आणि इतर संस्था दानातील सामान एका गोदामात ठेवतात, गरजू कुटुंब वेळ ठरवून येते, स्वतः फिरून आपल्याला हवे ते निवडते, आणि स्वयंसेवक ते टेंपोने घरी पोहोचवतात. आपल्याकडे घ्यावी ती ही निवडीची रीत. जालन्याच्या पत्रलेखकांनाही आम्ही तीच सुचवू. तेथील थंडीसाठीच्या भिंतींच्या कामाचा मात्र आपल्याला उपयोग नाही; आपल्या घरांचे वैरी ऊन, वळीव आणि वाळवी आहेत.

पैशांविषयी पूर्ण सावध राहावे. परदेशी मंडळीचा पैसा किंवा वस्तू म्हणजे कायद्याने परदेशी देणगी, आणि ती घेण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी असलेल्या संस्थेनेही ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारायची असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेमार्फत घेऊ, हा मार्गही आता उरलेला नाही. भाच्याने आपल्याला वैयक्तिक भेट म्हणून पाठवावे आणि आपण ते मंडळीच्या कामात घालावे, असा सल्ला कोणी दिल्यास तोही नाकारावा.

भाच्याकडे अद्याप भारतीय पारपत्र असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही आणि आपल्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला ती पावती देऊन घेता येते. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे (ओसीआय) कार्ड जवळ असूनही तो परदेशी स्रोतच समजला जातो. स्थानिक देणगीदारांनाही हे सांगून ठेवावे की, वस्तूरूपाने दिलेल्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही आणि रोख दान २००० रुपयांहून अधिक असेल तर त्यावरही ती मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी.

एवढ्या खटाटोपापेक्षा हंगामाच्या सणाला मंडळीत धान्याचा आणि फळांचा जो लिलाव होतो, त्यातील काही वाटा पंचांनी या कामासाठी बांधून द्यावा, असे आम्ही सुचवू. एका घराचे पत्रे, हुक आणि एक पलंग एवढ्याला तो पुष्कळदा पुरतो, आणि पुढचे घर पुढच्या हंगामात घेता येते. भाच्याकडून पैशांऐवजी तेथील गोदामात मागणी कशी नोंदवतात आणि सामान नाकारण्याचे नियम कोणते आहेत, हे लिहून मागवावे. ते आपण मराठीत उतरवून पाठवलेत, तर पुढील अंकात अवश्य छापू.